भरमूनं वस्ताद सरळ केले

बोरगुंडी नावाच्या एका गावात भरमू नावाचा एक भोळा गडी होता. भोळाच म्हणायचं, मूर्ख म्हणायचं नाही. त्याच्या आईला राग यायचा. तशी गावात त्याच्याहून भोळी माणसं आणखी होती, पण ती सगळी कुठल्या ना कुठल्या कमिटीवर होती, त्यामुळे त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

भरमूचा एक गुण मात्र लाखात एक होता. त्याला सांगितलेलं तो विसरायचा नाही. एकदा सांगितलं की काळ्या दगडावरची रेघ. अडचण एवढीच, की ती रेघ तो नेमकी भलत्याच दगडावर ओढायचा.

हा भरमू मगदूम अण्णांच्या हाताखाली होता. अण्णा लग्नाबारशाची व्हिडिओ शूटिंग करायचे. त्यांचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, चांगला दणदणीत होता, पण त्याला एक खोड होती. त्यात सगळंच स्वच्छ दिसायचं. नवरीच्या नाकातली नथ जेवढी स्वच्छ, तेवढीच मागं उकिरड्यावर उभी असलेली म्हैस. लोक लग्नाची कॅसेट बघायला बसत आणि तासभर म्हशीवर बोलत. सिनेमात असं नसतं. सिनेमात माणूस तेवढा ठळक, मागचं सगळं धुक्यात. अण्णांना एकदा तरी तसं चित्र काढायचं होतं.

आणि ते काढायची वेळ आली ती सुंदराक्कामुळं.

सुंदराक्का म्हणजे सिद्राम वस्तादांची बायको. वस्ताद वारले होते आणि गावानं तालमीपुढं त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं होतं. ह्या वस्तादांची पाठ खऱ्या कुस्तीत कधी मातीला लागली नाही. पण तरुणपणी एका सिनेमावाल्यानं त्यांना कुस्तीच्या प्रसंगात घेतलं, आणि सिनेमा म्हटल्यावर जिंकणार कोण, नायक! त्या काडीपैलवान नायकानं वस्तादांना उचलून आपटलं. पडद्यावर वस्ताद दिसले ते एवढेच: डोकं खाली, पाय वर. जत्रेच्या तंबूत सिनेमा लागला, सगळं गाव बघायला गेलं, आणि वस्तादांचे पाय वर गेले तशा शिट्ट्या वाजल्या. पुढं जन्मभर लोक विचारत राहिले, “वस्ताद, उलटं दिसलासा, आता सरळ कवा दिसणार?” वस्ताद हसण्यावारी न्यायचे. आक्काला कधी हसू आलं नाही.

आता आक्काचे गुडघे गेले होते. घर तालमीसमोरच, पण उंबरा ओलांडणं जमत नव्हतं. तिनं अण्णांना बोलावून घेतलं.

“मगदूमा, माझं एवढं एक काम कर. माझा माणूस एकदा तरी पडद्यावर सरळ दिसू दे. शिनेमात दिसत्यात तसा. मग मी डोळं मिटाय मोकळी.”

अण्णा वस्तादांच्याच तालमीतले.  “दिसतील, आक्का. सरळ दिसतील. माझा शब्द हाय.”

भरमू दारात उभा होता. त्यानंही ऐकलं. वस्ताद सरळ दिसले पाहिजेत. रेघ ओढली गेली.

अण्णा कोल्हापूरला गेले आणि ओळखीच्या एका जुन्या कॅमेरामनकडून सिनेमाची लेन्स मागून आणली. लेन्स कसली, पितळी तांब्या! ती भरमूच्या हातात देऊन अण्णा म्हणाले, “ही कॅमेऱ्याला लावून ठेव. मी हातपाय धुऊन येतो.”

भरमूनं लावून बघितली. लागेना. लेन्स सिनेमाच्या कॅमेऱ्याची, हा कॅमेरा व्हिडिओचा. दोघांची तोंडं वेगळी. पण अण्णांनी लाव म्हटलं म्हणजे लावली पाहिजे. भरमू स्वयंपाकघरात गेला, कणकेचा गोळा घेऊन आला, कॅमेऱ्याच्या तोंडाला सगळीकडून थापला आणि त्यावर लेन्स दाबली. वरून सुतळी गुंडाळली.

अण्णा आले. “हे काय रं?”

“लागत नव्हती अण्णा. लावली.”

“अरे बाबा, जे एकमेकांत बसत न्हाई ते दाबून बसवायचं नसतं.” अण्णांनी पिशवीतून वाटीसारखी एक जाडजूड वस्तू काढली. “ह्याला अडॅप्टर म्हणत्यात. एका अंगाला लेन्स, दुसऱ्या अंगाला कॅमेरा. दोघांचं जमत नसलं की मधे हा घालायचा. कळलं?”

“कळलं अण्णा. पुढच्या वेळी तस्संच करतो.”

पुढची वेळ लगेच आली. दुपारी सगळे जेवायला बसले. अण्णांची म्हातारी आई आणि बायको यांच्यात आमटीच्या मिठावरून जुंपली. जुंपली ती वाढत गेली. शेवटी अण्णांची बायको ताट सारून म्हणाली, “आमचं दोघींचं ह्या जन्मात जमायचं न्हाई!”

भरमू ताटावरून उठला. हात धुतले. अडॅप्टर आणला आणि सासू-सुनेच्या बरोबर मधे ठेवला.

म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिला वाटलं, वाटी आली. तिनं पळीभर आमटी अडॅप्टरमध्ये ओतली आणि भाकरी कुस्करायला घेतली.

भांडण मात्र मिटलं. दोघी एक होऊन भरमूवर तुटून पडल्या.

अण्णांनी अडॅप्टर कसाबसा साफ केला. आत एक दुधी काच होती. लेन्समधून आलेलं चित्र त्या काचेवर पडायचं आणि मागून कॅमेरा ते टिपायचा. अण्णा रबरी फुगा दाबून तिच्यावर हवा मारत होते. “बघून ठेव. बोट लावायचं न्हाई. फडक्यानं पुसायचं न्हाई, चरे पडत्यात. धूळ दिसली की लांबनं हवा मारायची. आपोआप उडती.”

“बरं अण्णा. पुढच्या वेळी तस्संच करतो.”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला तालमीत पाठवलं. कॅमेऱ्याचा स्टँड कुठं ठेवायचा ती जागा बघून ये म्हणाले. भरमू गेला. पुतळ्याच्या दिवशी कुस्त्या होणार म्हणून पैलवानांनी हौद्यातली लाल माती खणून, चाळून, तेल-ताक घालून मऊसूत केली होती. भरमूनं ती बघितली आणि कपाळाला हात लावला. एवढी धूळ!

बोट लावायचं नाही. पुसायचं नाही. लांबून हवा मारायची. पण फुग्यानं हे व्हायचं नव्हतं. बाहेर बाबासो सरपंचांचा ट्रॅक्टर उभा होता, द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर मागं जोडलेला. सरपंच स्वतः तालमीच्या कट्ट्यावर भिंतीला टेकून डुलक्या काढत होते. भरमूनं ब्लोअरचं तोंड दाराकडं केलं आणि चालू केला.

माती उडाली. अशी उडाली की पैलवान लाल झाले, भिंती लाल झाल्या, बाहेर वाळत घातलेले लंगोट लाल झाले. मारुतीला काही फरक पडला नाही, तो आधीच शेंदरी होता. लाल लोट सरपंचांच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर आला तसे ते झोपेतच उठून उभे राहिले आणि चारी दिशांना हात जोडायला लागले. त्यांना वाटलं, निवडणूक जिंकली.

“धूळ दिसली की उडवायची, असं तुम्हीच सांगितलं,” भरमू अण्णांना म्हणाला.

“अरे, लेन्सवरची! आणि तीबी बसलीच तर. मुळात बसूच द्यायची न्हाई. काम नसलं की टोपण घालून ठेवायचं, मग कुठली धूळ न् कुठलं काय.”

“असं व्हय. काम नसलं की टोपण. पुढच्या वेळी तस्संच करतो.”

त्याच संध्याकाळी सरपंच तक्रार घेऊन अण्णांच्या घरी आले. अण्णा बाहेर गेलेले. सरपंच ओसरीवर बसले. भरमू अदबीनं पुढं झाला. “सरपंच, काय काम काढलं?”

सरपंचांना नोकरमाणसाशी बोलायचं नव्हतं. “काय काम न्हाई. बसलोय असाच.”

काम नाही म्हटल्यावर भरमूला दुसरा इलाज नव्हता. परसात कोंबड्या झाकायचं मोठं डालगं होतं. कोंबड्या हुसकून त्यानं ते आणलं, हळूच सरपंचांवर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाटा ठेवला.

अण्णा परत आले तर ओसरीवर डालगं. अण्णा चपला काढत होते, तेवढ्यात डालग्यातून आवाज आला, “मगदूम, मी आत हाय.”

डालगं उचलल्यावर सरपंच उठले. त्यांच्या टोपीला कोंबडीचं पीस चिकटलं होतं. ते म्हणाले, “पुतळा बसंल, मगदूम. पण तुझा कॅमेरा तिथं बसायचा न्हाई. आपण तालुक्याचा फोटोग्राफर आणू, फोटो काढू, मोकळं होऊ.”

 स्वतःचा अपमान अण्णांनी गिळला असता, पण आक्काला शब्द दिला होता. त्यांनी सरपंचांचे पाय धरले. वस्तादांचं नाव घेतलं, आक्काच्या गुडघ्यांचं सांगितलं, तंबूतल्या शिट्ट्यांची आठवण दिली. त्या शिट्ट्यांत सगळ्यात मोठी शिट्टी सरपंचांचीच होती, तेव्हा ते बिनमिशीचे होते. सरपंचांनी टोपीवरचं पीस उपटलं. मग म्हणाले, “आक्कासाठी म्हणून. पण माझं भाषण आख्खं आलं पायजे. आणि ह्या येड्याला माझ्यापासनं लांब ठेव.”

लांब कसला ठेवतो! अण्णा लेन्स जोडत होते तेव्हा भरमू शेजारीच होता, आणि अण्णांच्या तोंडून निघून गेलं, की जड वस्तू अशी पुढं लोंबकळत असली की खालनं टेकू द्यावा लागतो, न्हाईतर जोड मोडतो. झालं. पुढच्या दिवशी सरपंच तालमीपुढं भाषणाची तालीम करायला उभे राहिले. डोळे मिटून, हात उंचावून, पोट पुढं काढून. भाषण संपल्यावर त्यांना पाऊल उचलता येईना. बघतात तर बैलगाडीचा लाकडी टेकू त्यांच्या पोटाखाली ठोकून बसवलेला. अण्णा धावत आले. टेकू काढला, खांद्यावर घेतला आणि घरी गेले.

मग पुतळ्याचा दिवस उजाडला. तालमीपुढं मांडव, रिकामा चौथरा, समोर स्टँडवर कॅमेरा, कॅमेऱ्याला अडॅप्टर, अडॅप्टरला लेन्स, लेन्सखाली आता रीतसर टेकू. बाजूला चित्र बघायला छोटा मॉनिटर. अण्णांनी कॅमेरा चालू केला आणि वायर बघायला वाकले.

भरमूनं मॉनिटरमध्ये बघितलं आणि बोंब ठोकली. “अण्णा, तालीम पडली! आभाळात पडली!”

मॉनिटरमध्ये तालीम उलटी होती. कळस खाली, पायऱ्या वर, आणि पायऱ्यांवर एक कुत्रं निवांत उलटं झोपलेलं. भरमूनं वेळ घालवला नाही. कॅमेऱ्याला मिठी मारली आणि तो अख्खा स्टँडसकट पालथा करायला घेतला.

“हाऽऽत!” अण्णा ओरडले. “कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई! दुधी काचेवर चित्र उलटंच पडतं, तिचा गुणच हाय तो. उलटं दिसलं तरी कॅमेरा जिथल्या तिथं ठेवायचा. उलटायचं ते दुसरं उलटायचं.” आणि अण्णांनी मॉनिटर उचलून पालथा ठेवला. तालीम सरळ झाली. कुत्रंही सरळ झालं.

“बघ. झालं का न्हाई?”

“झालं की अण्णा!”

“आता नीट ऐक. आक्काच्या घरच्या टीव्हीला इथनं वायर नेलीया. तिथंबी उलटंच दिसणार. मी पाहुण्यांना आणाय तालुक्याला चाललो. तू एकच काम कर. आक्काला वस्ताद सरळ दिसले पायजेत. बाकी कशात लुडबुड करू नगंस.”

“बरं अण्णा. तस्संच करतो.”

भरमू आक्काच्या घरी गेला. आक्का नवं लुगडं नेसून खाटेवर बसली होती, भिंतीकडं तोंड करून, डोळे गच्च मिटून. पुतळ्यावरची शाल निघेपर्यंत टीव्हीकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. टीव्ही जुना होता, खोक्याचा, आणि त्याच्यावर आक्काचे सगळे देव मांडलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, समोर तेवता दिवा.

भरमूनं टीव्हीला दोन्ही हात घातले. दिव्याची ज्योत हलल्याचं आक्काला मिटल्या डोळ्यांनी कळलं.

“ए! काय करतुयास?”

“टीव्ही पालथा घालतोय, आक्का.”

“मुडद्या, वर माझं देव हाईत! देवास्नी पालथं घालतोस? हात लावायचा न्हाई!”

“बरं आक्का.”

भरमू खाली बसला आणि विचार करायला लागला. असं त्याच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. टीव्हीला हात लावायचा नाही. उलटायचं ते दुसरं उलटायचं.

तेवढ्यात टीव्हीत हालचाल झाली. पुतळ्याचा टेम्पो आला होता. दोन पैलवानांनी पुतळा उचलून चौथऱ्यावर टेकवला आणि पोतं काढलं. आणि टीव्हीत वस्ताद दिसले. डोकं खाली. फेटा खाली. मिशांची टोकं जमिनीकडं.

 तंबूतला सिनेमा भरमूनं बघितला नव्हता, पण ऐकून माहीत होतं. म्हातारी जन्मभर थांबली आणि शेवटी बघणार काय, तर पुन्हा हेच? भरमू उठला आणि पळत सुटला.

चौथऱ्यापाशी लखू गवंडी सिमेंट कालवत होता.

“लखूमामा, पुतळा उलटा बसवा.”

“का?”

“सरळ दिसाय पायजे म्हणून.”

लखूनं घमेलं खाली ठेवलं. त्यानं जन्मभर लोकांची घरं बांधली होती. एकानं जिन्याखाली देवघर मागितलं होतं, एकानं संडासाला गॅलरी मागितली होती. त्यामुळे हसायचं त्यानं कधीच सोडलं होतं. पण पुतळा उलटा म्हणजे जरा विचार करण्यासारखं होतं.

“अण्णांचा हुकूम हाय,” भरमू म्हणाला. “खोटं वाटत असंल तर आत येऊन बघा.”

लखू आत गेला, टीव्हीपुढं उभा राहिला. भरमूनं दारातून हात केला. पैलवानांनी पुतळा उचलला आणि फिरवला. फेटा खाली, छाती वर. आणि लखूच्या डोळ्यांदेखत टीव्हीतले वस्ताद गरकन सरळ झाले. मान ताठ, मिशा वर, नजर समोर. लखूही वस्तादांच्या तालमीतलाच. त्यानं तिथल्या तिथं हात जोडले.

“आयला, खरंच की रं! हुबेहूब!”

फेट्याचा घेर चांगला रुंद होता, बूड छान बसलं. लखूनं सिमेंटमध्ये हात आखडता घेतला नाही. “असा बसवतो,” तो म्हणाला, “की भूकंपात तालीम पडंल, वस्ताद हलायचे न्हाईत.” मग पुतळ्यावर भरजरी शाल टाकली आणि लखू न् भरमू समाधानानं बिडी ओढायला गेले.

दुपार कलली. पाहुणे आले, गाव जमलं, वाजंत्री वाजली. भरमू आक्काच्या खाटेशी, टीव्हीपुढं बसला. उघड्या दारातून सगळं ऐकू येत होतं. शालीकडं बघून कोणीतरी म्हणालं, “वस्ताद वरनं रुंद झाल्यागत वाटत्यात.” दुसरं म्हणालं, “पैलवानाची छाती हाय ती.” मग सरपंचांचं भाषण झालं. भाषण लांबलं. शेवटी सरपंच म्हणाले, “आमच्या वस्तादांनी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही!” टाळ्या पडल्या आणि पाहुण्यांनी शाल ओढली.

टाळ्या एकदम बंद झाल्या.

“आक्का, उघडा डोळं,” भरमू म्हणाला.

आक्कानं मान वळवली आणि डोळे उघडले. टीव्हीत वस्ताद होते. ठळक, जिवंत वाटावेत असे, मागची तालीम धुक्यात विरघळून गेलेली. मान ताठ. मिशा वर. आणि त्यांच्या भोवती पाहुणे, सरपंच, पंच, वाजंत्रीवाले, सगळे दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांसारखे उलटे लोंबत होते. पाहुण्यांच्या हातात हार होता आणि तो घालायचा कुठं हे त्यांना समजत नव्हतं.

बाहेर गलका झाला. “भरमू कुठाय?” कोणी चौकशी केली नाही, कोणी पुरावा मागितला नाही, सगळं गाव एकाच वेळी ओरडलं, “भरमू कुठाय?” अण्णा धावत आत आले आणि त्यांनी आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आक्का, मला माफ करा. माझा शब्द गेला. मी तोंड दाखवायच्या लायकीचा न्हाई.”

“गप, मगदूमा,” आक्का म्हणाली. “बघू दे.”

अण्णांनी मान वर करून टीव्हीकडं बघितलं आणि तेही बघतच राहिले. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदाच हसू आलं होतं.

“त्या तंबूत समदं गाव सरळ बसलं हुतं, न् माझा माणूस तेवढा उलटा,” ती म्हणाली. “आज बघ. समदं गाव चीत झालंय, न् माझा पैलवान उभा हाय.”

अण्णा लहान मुलासारखे रडले. इतके रडले की पुढचं बोलणं त्यांच्या कानावरच गेलं नाही. ते गेलं असतं तर बरं झालं असतं.

आक्का पदरानं डोळे पुसत टीव्हीत बघत होती. “भरमू, त्यो शेजारी हात हलवत कोण लोंबकाळतोय रं?”

“सरपंच हाईत, आक्का. वरडत्यात.”

“बिचारा. पुतळ्यासाठी लई हिंडला. त्याला तरी सरळ कर की.”

आक्का चेष्टेनं म्हणाली. नजर तिची वस्तादांवरच होती.

“बरं आक्का,” भरमू म्हणाला. “तस्संच करतो.”

तो बाहेर गेला. चौथऱ्यापाशी ते दोन पैलवान उभे होते. “आक्कांनी सांगितलंय,” भरमू म्हणाला, आणि काय सांगितलंय ते सांगितलं. आक्काचा शब्द म्हणजे वस्तादांचा शब्द; तालमीत त्यावर प्रश्न विचारायची रीत नव्हती. भरमू काम नीट झालंय का ते बघायला उलटपावली घरात पळाला.

टीव्हीपुढं आक्का होती, अण्णा होते, दोघांची तोंडं उघडी होती. कारण टीव्हीत, त्या सगळ्या उलट्या गावात, सरपंच हळूहळू फिरले आणि सरळ झाले. झकास सरळ. पाय खाली, डोकं वर, वस्तादांच्या खांद्याला खांदा लावून. पोट सरकून छातीशी गेल्यामुळं चक्क पैलवान दिसत होते. फक्त त्यांची टोपी तेवढी डोक्यावरून सुटली आणि वर वर आभाळात निघून गेली.

“अगं बाई,” आक्का म्हणाली, “सरपंच सरळ झालं!”

 टीव्हीत सरळ म्हणजे बाहेर काय, हे त्या घरात एकट्या अण्णांना कळत होतं. ते उठायला लागले तेवढ्यात बाहेरून पैलवानाची हाक आली.

“भरमू, पाहुण्यांनाबी घ्यायचं काऽऽ?”

“थांबा!” भरमूनं टीव्हीवरची नजर न काढता ओरडून सांगितलं. “जरा दम धरा. सरपंचांची टोपी अजून आभाळातनं खाली आली न्हाई.”